नातीचा वेगळा पेपर

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. तेही सलग नाही. फुलांचा हंगाम आला की घरीच राहायचो. सही येते, पेपर वाचता येतो, कुणी हिशोबात फसवू शकत नाही. एवढ्यावर सत्तरी ओलांडली. हे लिहायला मला महिना लागला. शुद्धलेखन सुनेने बघितलं, मजकुराला मात्र हात लावू दिला नाही. ती म्हणाली, "आबा, हे असं सगळं कशाला लिहायचं? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील याचाच विचार केला म्हणून तर हे घडलं.

आमचं गाव नाशिकच्या अगदी कडेला. माझ्या तरुणपणी शहर आणि गाव यांच्यामध्ये नुसते मळे होते, आता निम्म्या मळ्यांत बिल्डिंगा आहेत. आमचा दीड एकर राहिलाय. त्यात शेवंती, झेंडू आणि कडेला मेथी-कोथिंबीर. मुलगा अंबडला कंपनीत, कधी पहिली शिफ्ट तर कधी तिसरी. त्यामुळे शाळेच्या कागदावर नातीचा पालक म्हणून माझं नाव, आणि शाळेच्या समितीवरही मीच. मीटिंगला मी पुढच्या खुर्चीवर बसायचो. गुरुजी-बाई "आबा, तुम्ही सांगा" म्हणायचे. तिसरी शिकलेल्या माणसाला ते गोड लागतं. लागायचं, खोटं कशाला बोलू.

नात एकच. तेव्हा ती तिसरीत होती. तोंडाने अशी तयार की फुलबाजारातला आडत्या तिला मुद्दाम बोलतं करायचा. कुठल्या वाफ्यातली शेवंती कधी लावली, कुठली कधी तोडणीला येईल, विचारायचा अवकाश. पण पुस्तक पुढे धरलं की पोर बदलायची. काल ओळखलेला 'ब' आज अनोळखी. शेजारची मुलगी वाचेल ते ऐकून पाठ म्हणायची आणि बोट मात्र भलत्याच ओळीवर फिरायचं. मी ओरडायचो, "लक्ष नाय तुझं!" एकदोनदा पाठीत धपाटाही घातला.

तिच्या वर्गाच्या बाई कळवणकडच्या. राहायला इंदिरानगरला, रोज स्कूटीवर यायच्या. वयाने माझ्या सुनेएवढ्या. त्यांना महिन्याभरात कळलं की पोर आळशी नाही, तिला अक्षरं दिसतात पण ओळखीची राहत नाहीत. मग त्यांनी काय काय सुरू केलं. परातीत रवा पसरून त्यात बोटाने अक्षर काढायला लावायच्या. जुन्या लग्नपत्रिकेला त्यांनी एक लांबट खिडकी कापली होती. ती पुस्तकावर ठेवली की एकच ओळ दिसायची, बाकीची झाकलेली. नातीला पुढे, आपल्या टेबलाजवळ बसवायच्या. बाकीची मुलं लिहीत असली की हिला जवळ घेऊन तोंडी विचारायच्या आणि तिने काय सांगितलं ते आपल्या वहीत टिपायच्या.

दिवाळीच्या आधी एकदा आमच्या फाटकाशी फुलं भरायचा टेम्पो उभा होता. त्याच्या मागे लिहिलेलं नात एकेक अक्षर लावून वाचत होती. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं आणि तरी पुढचं केलं, हे आधीच लिहून ठेवतो.

सहामाहीची चाचणी झाली, त्यानंतर दोनचार दिवसांनी मी चहाच्या टपरीवर बसलो होतो. आमच्या भावकीतला एक जण, वयाने माझ्याएवढाच, कपबशी खाली ठेवत म्हणाला, "काय आबा, नातीला बालवाडीचा पेपर देतात म्हणे तिसरीत?"

"कोण म्हणतं?"

"आमच्या पोऱ्याने बघितला ना. चित्रं हायेत त्यात. आंबा, घोडा." मग बाकीच्यांकडे बघून, "जाऊ द्या, पास तर होईल!"

सगळे हसले. मी पण हसलो, पण चहा तसाच ठेवून उठलो.

घरी आलो तर नात ओट्यावरच होती. विचारायच्या आधीच तिने दप्तरातून कागद काढला. "आबा, हे बघा. दहापैकी दहा!" मोठमोठ्या अक्षरांतले प्रश्न, एका पानावर तीनच. दोन चित्रं. खाली बाईंचं अक्षर, की तोंडी विचारले, सर्व उत्तरे बरोबर.

"बाकीच्या पोरांनापण हाच होता?"

"नाही. हा माझा आहे. बाईंनी माझ्यासाठी बनवलाय."

तिचं तोंड उजळलेलं होतं आणि माझं डोकं फिरलं होतं.

यामागचं कारण सांगायला पाहिजे. मी सातआठ वर्षांचा असताना बापाबरोबर एका पैसेवाल्या नातलगाकडे लग्नाला गेलो होतो. मोठी पंगत बसली. वरच्या अंगाला लाडू फिरत होते, पुऱ्या फिरत होत्या. वाढपी आमच्यापर्यंत आले आणि आमच्या पानात भात-आमटी टाकून पुढे गेले. मला वाटलं लाडू मागून येतील. बापाला कळलं होतं. तो भरल्या पानावरून उठला, माझा हात धरला आणि सगळ्या पंगतीसमोरून मला चालवत बाहेर नेलं. चार कोस चालत घरी आलो, उपाशी. मोठा झाल्यावर गावातल्या कुठल्याही जेवणावळीत मी उभा राहायचो तो याच एका गोष्टीसाठी. एका पंगतीत दोन प्रकार नाहीत. पाटील असो की सालगडी, पानात पडेल ते सारखं. त्याबद्दल गावात माझा मान होता.

आणि माझ्याच नातीच्या पानात वेगळं वाढलं होतं. मला तेवढंच दिसलं.

म्हातारी, म्हणजे माझी बायको, कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती. माझं पुटपुटणं ऐकून म्हणाली, "परवाच्या वास्तूच्या जेवणात तुमच्या पानात जिलबी नाय वाढली. तवा नाय राग आला?"

"मला साखर आहे. डॉक्टरांनी बंद केलंय."

"मग पोरीचं बाईंनी सांगितलंय."

"तुला काय कळतं शाळेतलं?"

"मला नाय कळत. तुमची तिसरी झाली ना, तुम्हाला कळत असंल."

"गप्प बस."

"गप्पच हाय. या घरात आल्यापासून तेच करतेय," म्हणत तिने जुडीची गाठ आवळली.

दुसऱ्या दिवशी समितीची मीटिंग होती. आमच्या शाळेत वेगळी खोली नाही, मीटिंग व्हरांड्यात होते. मागे वर्ग, वर्गाच्या खिडक्या उघड्या. मी खुर्चीवर बसलोच नाही. उभ्याने सुरू झालो.

"बाई, माझ्या नातीला वेगळा पेपर का?"

"आबा, बसा ना. सांगते." बाई शांत होत्या. "प्रश्न वेगळे वाटतात, पण विचारलंय तेच. धड्यातलंच. तिला सगळं येतं, ते कागदावर उतरत नाही. म्हणून मी तोंडी घेते. हळूहळू लिहिण्यावर आणू."

"हळूहळू म्हणजे कधी?"

"ते तिच्यावर आहे. तिची एकदा तपासणी करून घेऊ या, इंदिरानगरला एक बाई आहेत, अशा मुलांचं बघतात. तुमची सही लागेल फक्त." त्यांनी एक फॉर्म पुढे केला.

तपासणी हा शब्द ऐकला आणि मला टपरीवरचं हसणं ऐकू आलं. मी जेवढ्या मोठ्याने बोलता येतं तेवढ्या मोठ्याने बोललो, "तपासणी कशाची? माझी नात काय वेडी आहे?"

"आबा, हळू. मुलं ऐकतायत."

"ऐकू द्या! सगळ्यांना जो पेपर तोच तिला. नापास झाली तर होऊ द्या. नाहीतर मी वर अर्ज देतो, तुमच्या नावाने."

हेडमास्तर मधे पडले. रिटायरमेंटला आलेला माणूस, त्याला भानगड नको होती. "आबा म्हणतात तसं करू या बाई. पालकांची इच्छा आहे." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, फॉर्मची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. बाकीचे सदस्य मान हलवत होते. मी घरी गेलो तो छाती काढून गेलो.

वार्षिकला नातीला सगळ्यांसारखा चार पानी पेपर मिळाला. बाईंनी नंतर मला शाळेत बोलावून तो समोर ठेवला. पोरीने चारही पानं भरली होती. मला वाटलं, बघ, मी म्हणत नव्हतो? मग बाईंनी बोट ठेवून दाखवलं. उत्तराच्या जागी तिने वरचा प्रश्नच पुन्हा उतरवून काढला होता. प्रत्येक ठिकाणी. अक्षरं चित्रासारखी काढलेली, काही उलटी. आजूबाजूची पोरं लिहीत होती, तीही लिहीत होती. दोन तास.

"सगळ्यांसारखा," बाई म्हणाल्या. एवढंच.

मी म्हणालो, "अभ्यास वाढवायला पाहिजे." आणि तिला शिकवणी लावली. माघार घ्यायची सवय नव्हती मला, आणि ते वय सवयी लावून घ्यायचं नव्हतं.

मे महिन्यात बाईंची बदली नांदगावच्या बाजूला झाली. बदल्या कॉम्प्युटरवर होतात, त्यात माझा काडीचा हात नाही. पण गावात बोललं गेलं की आबाने बाईला घालवली. मी ते नाकारलं नाही. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटायचं.

चौथीचं वर्ष असंच गेलं. नवीन सर आले, माणूस सरळ, पण आधीच्या गोंधळाची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली. त्यांनी नातीला कधी वेगळं काही दिलं नाही. रव्याची परात गेली, खिडकीची पत्रिका गेली. नात मागच्या ओळीत जाऊन बसली. सकाळी दप्तर भरायच्या वेळेला तिच्या पोटात दुखायचं. आम्ही ओवा दिला, पोट चोळलं. हळूहळू ती बोलायचीच कमी झाली. आडत्याने विचारलं, "काय गं, आज गाडी बंद का?" तर माझ्या मागे जाऊन उभी राहिली. मी म्हणालो, मोठी होतेय, पोरीची जात, लाज येते या वयात.

चौथीपर्यंत ढकलतात. पाचवीला आता परीक्षा आहे, नापास झालं तर त्याच वर्गात ठेवतात. नात नापास झाली. शाळा उघडायच्या आधी एक फेरपरीक्षा मिळते, त्यात निघाली तर निघाली. ती शाळा सोडायचं म्हणू लागली. "मी फुलं तोडीन, मला नका पाठवू." अकरा वर्षांची पोर.

त्या दिवशी मुलगा तिसऱ्या शिफ्टहून आला, निकालाचा कागद बघितला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आबा, आता तुम्ही काही बोलू नका." तो आयुष्यात मला असं बोलला नव्हता. मी बोललो नाही.

सून तिला घेऊन इंदिरानगरला त्या तपासणीवाल्या बाईंकडे गेली, मग सरकारी दवाखान्यात तीन खेपा झाल्या. सही माझी लागली तिथे मी केली. कागद आला. त्यात होतं की बुद्धी चांगली आहे, वाचण्या-लिहिण्यात अडचण आहे, परीक्षा तोंडी घ्यावी. म्हणजे बाई जे एका महिन्यात बोलल्या होत्या तेच. पाचवीलाही तेच सर होते, त्यांनी कागद वाचला आणि लगेच हो म्हणाले. "आबा, मी तोंडी घेतो. आधीच आणला असतात तर पाचवी वाचली असती."

पण नात तोंडी द्यायला तयार होईना. मारून नाही, गोडीने नाही. "मला सगळ्यांसारखं लिहायचंय," एवढंच धरून बसली.

मग मी कुणाला न सांगता नांदगावची एसटी पकडली. शाळेला सुटी होती, बाई कसल्यातरी कामाला शाळेच्या ऑफिसात आल्या होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. मग विचारलं, "ती बोलायला का तयार होत नाही, बाई? तुमच्यापाशी तर पोपटासारखी बोलायची."

"तुम्हाला तिने सांगितलं नाही?"

"काय?"

"त्या मीटिंगनंतर मुलं तिला वेडी म्हणायला लागली. तुम्ही म्हणालात ना, माझी नात काय वेडी आहे. वर्गात ऐकू आलं सगळं. मी मुलांना रागावले, पण मधल्या सुटीत कोण बघतं? मी तिला जवळ बोलावलं की मागून मुलं हळूच म्हणायची, वेडीचा पेपर. मग तीच येईना जवळ."

माझ्या हातातला पेला मी टेबलावर ठेवला.

"बाई, माझं चुकलं. मी तुमची माफी मागायला आलोय असं समजा."

"माझी कशाला? मला काही झालं नाही आबा, माझी बदली होणारच होती. तिच्याशी बोला."

चहा पाजून त्यांनी मला स्टँडपर्यंत सोडलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "तोंडी घेताना दुसरी मुलं जवळ नकोत. तेवढं सरांना सांगा."

येताना मी नातीसाठी पेढे आणले. तिने घेतले, आजीला दिले, आईला दिले. मी तिच्यासमोर बसलो. काय बोलायचं ते एसटीत चार वेळा म्हणून पाहिलं होतं. पण आमच्यात मोठ्याने लहानाची माफी मागायची रीत नाही, मला ती येत नाही. मी म्हणालो, "चांगले आहेत का पेढे?" ती म्हणाली, "हो."

फेरपरीक्षेला तिला मीच घेऊन गेलो. आईबरोबर जायला तयार नव्हती, माझ्याबरोबर का आली ते तिलाच माहीत. शाळा रिकामी होती. एकच वर्ग उघडलेला. आत सर, आणि गावातली दोन मुलं, तीही नापास झालेली, लेखी पेपर द्यायला बसलेली. सरांनी नातीला टेबलाजवळ बसवलं आणि मी बाहेर व्हरांड्यात बसलो. त्याच व्हरांड्यात.

ती दोन मुलं बघून मला बाईंचं सांगणं आठवलं. आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, सर, या दोघांना जरा बाहेर बसवा, माझ्या नातीची परीक्षा वेगळी घ्या. मी उठलोसुद्धा. दारापर्यंत गेलो. सरांनी वर पाहिलं, "काय आबा?" त्या दोन पोरांनी पण पाहिलं. त्यातला एक टपरीवर मला बोललेल्या त्या भावकीतल्या माणसाचा नातू. ज्या जागी उभं राहून मी गाव गोळा करून सांगितलं होतं की सगळ्यांना सारखं, त्याच जागी उभं राहून माझ्या तोंडून 'वेगळी' हा शब्द निघेना.

"काही नाही," मी म्हणालो आणि परत येऊन बसलो.

सर चांगल्या आवाजात, सावकाश विचारत होते. एक प्रश्न. मग थांबायचे. पुन्हा तोच, जरा सोपा करून. मग पुढचा. आतून फक्त सरांचाच आवाज येत होता. असे दहा प्रश्न झाले. शेवटी सर बाहेर आले. "आबा, तोंडच उघडत नाही. मी काय लिहू?"

मी मान हलवली. आता त्या मान हलवण्याचा अर्थ मलाही सांगता येणार नाही.

आम्ही निघालो. शाळेपासून मळ्यापर्यंत अर्धा तास लागतो. नात माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. नव्या बिल्डिंगांच्या पलीकडे आमचा शिवार सुरू होतो, तिथे रस्त्यावर कुणी नसतं. तिथे आल्यावर ती न थांबता, मागे न बघता बोलायला लागली.

"पहिल्याचं उत्तर, मुळं पाणी शोषतात. दुसऱ्याचं, पंधरा. तिसऱ्याचं, पूर्व दिशा..."

एकेक करून तिने उत्तरं सांगितली, सरांनी प्रश्न विचारले त्याच क्रमाने. आवाज तोच, पूर्वीचा. नऊ सांगितली. मग म्हणाली, "दहावं मला येत नव्हतं."

"चल परत," मी म्हणालो. "सरांना सांगू. आत्ता असतील ते."

"नको आबा."

"अगं, नऊ येतात तुला!"

"तिथे गेल्यावर नाही येणार," ती म्हणाली आणि मळ्याच्या वाटेला वळली. एरवी मी तिचं मनगट धरून ओढत नेलं असतं. आमच्या घरात माझ्याच म्हणण्याने सगळं चालायचं. मी तिच्या मागून चालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी एकटा सरांकडे गेलो. नऊ उत्तरं तिने वाटेत सांगितली, म्हणालो. सरांनी ऐकून घेतलं. गुण कालच भरून पाठवले, म्हणाले, आता हातात नाही. मग मी त्यांना त्या दोन मुलांचं सांगितलं. का बोलली नाही ते सांगितलं. माझी गोष्टही सांगितली, व्हरांड्यातली, पहिल्यांदाच, पूर्ण.

सर कपाळाला हात लावून बसले. "आबा, काल दारात आलात तेव्हा सांगायचं ना. त्या दोघांना झाडाखाली बसवलं असतं. त्यात काय होतं एवढं?"

नात आता पुन्हा पाचवीत आहे. नाव पटावर आहे. जाते कधी, कधी नाही.